वाट लावण्याचं शास्त्र

खेळ कुठलाही असो, आधी जमीन सपाट करून घ्यायची हा माणसाचा जुना हट्ट आहे. क्रिकेटवाले खेळपट्टीवर रोलर फिरवून फिरवून तिचा जीव काढतात, आणि तरीही सकाळी कुठे तळहाताएवढी ओल दिसली की दोन पंच, दोन कर्णधार आणि एक माळी तिच्याभोवती उकिडवे बसून तिची नाडी बघतात. धावण्याच्या शर्यतीला लाल कृत्रिम पट्टा लागतो. पोहण्याच्या तलावात एकाच्या हातपाय मारण्याने दुसऱ्याच्या रांगेत लाट जाऊ नये, म्हणून मधल्या दोऱ्यासुद्धा लाटा गिळणाऱ्या असतात. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये तर वाऱ्यालाही मज्जाव.

या शिस्तीच्या खानदानात क्रॉस कंट्री, म्हणजे रानमाळातून पळायची शर्यत, हा एकच कार्टा वाया गेलेला. त्याचा मार्ग आखणारा माणूस जागा बघायला जातो आणि ती सपाट, कोरडी, सावलीची निघाली तर तोंड वाकडं करून परत येतो. त्याला चढ हवा असतो. चढ संपल्यावर श्वास घ्यायच्या आत दुसरा चढ आला तर सोन्याहून पिवळं. मधे एखादा ओढा, नांगरट, पायाला धरून ठेवणारी चिकणमाती असं काही सापडलं, तर तो त्या दिवशी घरी पेढे नेत असावा. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस पडला की बाकीचे आयोजक कपाळाला हात लावतात. हा मात्र खिडकीत उभा राहून मनातल्या मनात गुणगुणत असतो.

हा खेळ इतका हाताबाहेर गेलेला आहे, हे खुद्द नियम करणाऱ्यांनीही मान्य केलंय. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचं नियमपुस्तक एरवी फार काटेकोर. धावपट्टीतली एक रांग 1.22 मीटर रुंद, पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीतल्या अडथळ्याची उंची 1.067 मीटर, तिथे फारसा मुलाहिजा नाही. पण क्रॉस कंट्रीचं पान आलं की तेच पुस्तक एकदम समजूतदार होतं. जगभर परिस्थिती इतकी निरनिराळी आहे की सगळ्यांना एक माप लावणं कठीण, आणि स्पर्धा रंगणार की फसणार हे पुष्कळदा जागेच्या अंगच्या गुणांवर आणि मार्ग आखणाऱ्याच्या अकलेवर अवलंबून असतं, अशा अर्थाचं काहीतरी ते सांगतं. नियमपुस्तकाने 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पुढे थोड्या सूचना आहेत. जागा मोकळी किंवा झाडीची असावी, पायाखाली शक्यतो गवत असावं, वळणं सौम्य आणि सरळ पट्टे आखूड असावेत, सुरुवातीलाच चिंचोळी वाट नसावी. फार उंच अडथळे, खोल चर, जिवावर बेतणारे उतार नसावेत. थोडक्यात, छळा पण मारू नका.

डांबरी रस्ता जमेल तितका टाळावा, असंही त्यात आहे. आमच्या कॉलेजातल्या क्रॉस कंट्रीवाल्यांपर्यंत हे पान पोचलं नसावं. ती शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत डांबरावर होत असे, आणि मार्ग ठरवण्याचा निकष एकच असे: उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची अँबॅसेडर शेवटच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे. दोन्ही बाजूंना मैलभर माळ पसरलेला, बांध, ओढे, बाभळी, सगळं तयार. आणि आमची पोरं मैलाचे दगड मोजत रस्त्याच्या कडेने पळतायत.

मूळ खेळ बरोबर याच्या उलट होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रूजबरीसारख्या निवासी शाळांमधून मुलं कागदी पाठलाग खेळत. एकदोघांनी ससे व्हायचं आणि पिशवीतले कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचं. बाकीच्यांनी शिकारी कुत्रे होऊन त्या कपट्यांच्या मागावर सुटायचं. म्हणजे मार्ग आखणारा आणि जीव घेऊन पुढे पळणारा एकच असे. मला ही व्यवस्था फार न्याय्य वाटते. मार्ग आखून जो पायथ्याशी खुर्ची टाकून बसतो, त्याला चढाची किंमत कळत नाही. शिवाय मागचे चिडून येत आहेत हे माहीत असलं की वाट आखताना हातून उगाच वेळकाढूपणा होत नाही. लंडनजवळ 1868 साली 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब निघाला. क्रॉस कंट्रीचा जगातला सर्वांत जुना क्लब तो हाच. नावात अजून ससाही आहे आणि कुत्रीही.

आठ वर्षांनी, 1876 मध्ये, पहिली इंग्लिश राष्ट्रीय स्पर्धा एपिंगच्या जंगलात भरली. ती रद्द करावी लागली. कारण पाऊस नव्हे, मारामारी नव्हे, पंचांचा पक्षपात नव्हे. सगळेच्या सगळे धावपटू रस्ता चुकले! एखादा चुकला तर त्याचं नशीब. सगळेच चुकले तर चूक कोणाची, यावर त्या रात्री बरीच बीअर सांडली असणार. 1877 मध्ये पुन्हा भरवली, ती मात्र पार पडली. मार्ग अवघड असावा पण तो सापडायला हवा, हे या शास्त्राचं पहिलं कलम असं किंमत मोजून मिळालेलं आहे.

तीच राष्ट्रीय स्पर्धा पुढे ज्या जागेमुळे गाजली ती म्हणजे उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथवरची पार्लमेंट हिल. स्पर्धा दरवर्षी गाव बदलते, पण ती इथे आली की इंग्लंडभरच्या धावपटूंचे डोळे पाणावतात. काहींचे भक्तीने, काहींचे आठवणीने. टेकडीची उंची 98 मीटर. पर्वती रोज चढणाऱ्या पुणेकराला हसू येईल. मलाही आलं होतं. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे, एका क्लबातून धावतो, आणि फेब्रुवारीच्या एका शनिवारी माझ्या अंगावर आपली दोन जॅकेटं चढवून तो मला तिथे घेऊन गेला.

"मामा, तू वर जाऊन उभा राहा. मी तुला दोनतीनदा तरी दिसेन."

"एवढ्या गर्दीत ओळखू कसा?"

"बनियनवरून. आमचा पिवळा आहे."

पुरुषांची शर्यत दिवसाच्या शेवटी असते, यात सगळी मेख आहे. तोवर सकाळपासून शाळकरी मुलं, मुली, कुमार, महिला असे जथ्यामागून जथे त्याच गवतावरून गेलेले असतात. प्रत्येकाच्या बुटाला खालून खिळे, चिखलाच्या दिवशी 15 मिलिमीटरपर्यंत लांब. इतक्या हजार पायांनी नांगरलेली जमीन दुपारी तीनला कशी असेल? तर धिरड्याच्या पिठाइतकी सैल. अनुभवी मंडळी बुटावरून चिकटपट्टीचे वेढे घेऊन पाय बांधून टाकतात. नवखे घेत नाहीत. त्यांचे बूट मग टेकडीच्या मालकीचे होतात.

सुरुवातीची रेघ टेकडीच्या पायथ्याशी, सगळ्यांची तोंडं चढाकडे. प्रत्येक क्लबाला आपापला कोंडवाडा. दोन हजारांहून जास्त माणसं, अर्ध्या चड्डीत, दात वाजवत. बार झाला आणि ती सगळी एकदम वर सुटली. या जागेचा मोठेपणा मला तिथे समजला. जागा इतकी रुंद की सगळ्यांना वाटतं आपल्याला वाव आहे. चढ असा की पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाला आपली योग्यता कळते. आणि माथ्याजवळ वाट आवळत येते तोवर फुशारकी मारणारे आपोआप मागे पडलेले असतात. पंचांना कोणालाही ढकलावं लागत नाही. चांगला मार्ग माणसांची रांग लावून देतो, भांडण न होता. आपल्याकडे रेशनच्या दुकानाला हे अजून जमलेलं नाही.

माथ्यावरून सेंट पॉलच्या घुमटासकट सगळं लंडन दिसतं. पार्लमेंट उडवायला निघालेल्या 1605 च्या कटवाल्यांनी स्फोट बघायला हीच टेकडी निवडली होती, अशी एक दंतकथा आहे. स्फोट झाला नाही, पण बघ्यांची परंपरा टिकली. क्रॉस कंट्रीच्या थोर जागेचं हेही एक लक्षण: माणसं हाल भोगताना दिसायला हवीत, आणि पुन्हा पुन्हा दिसायला हवीत. म्हणून मार्ग फेऱ्याफेऱ्यांचा असतो. धावणारा लांबच्या वळणाने जातो, बघे मधून आडवे पळत पुढच्या कोपऱ्यावर त्याला गाठतात. त्यांची अशी एक वेगळीच क्रॉस कंट्री चालू असते, एका हातात चहाचा पेला आणि दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी. शिवाय इंग्रज माणूस प्रोत्साहन देतो ते ऐकण्यासारखं असतं. समोरून बाराशेवा माणूस येतोय, डोळे पांढरे, गुडघ्यापर्यंत चिखल, एक पाय अनवाणी, आणि हा त्याला गंभीरपणे सांगतो, "छान दिसतोयस हं!"

चिखलात पाय रुततो तेव्हा आवाज येत नाही. निघतो तेव्हा येतो. फच्च. दोन हजार माणसांचा मिळून तो आवाज एखाद्या मोठ्या जनावराच्या जेवणासारखा वाटतो. माझ्यासमोर एकाचा बूट त्यात राहिला. तो चार पावलं पुढे गेला, थांबला, आणि लोंढ्याच्या उलट दिशेने परत आला. खांद्यापर्यंत हात घालून त्याने एक बूट काढला, बघितला, "हा माझा नाही" असं म्हणाला, आणि परत ठेवून दिला. याला संस्कार म्हणतात.

पहिल्या खेपेला मी भाच्याला पिवळ्या बनियनवरून ओळखलं. दुसऱ्या खेपेला सगळे बनियन तपकिरी झाले होते, तेव्हा त्याने मला ओळखलं.

पुढे धावणाऱ्याला जी जमीन मिळते ती मागच्याला मिळत नाही, याबद्दल मला जरा तक्रार करावीशी वाटली. पहिला उरल्यासुरल्या गवतावरून जातो, हजारावा पहिल्या नऊशे नव्व्याण्णवांनी केलेल्या काल्यातून. पण फेऱ्यांचा मार्ग असल्यामुळे पुढच्या फेरीला पहिल्यालाही तोच काला तुडवत जावं लागतं. सामाजिक न्यायाची इतकी जलद अंमलबजावणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

रात्री ताईचा पुण्याहून फोन. "कितवा आला?"

"अकराशेच्या आसपास."

"अर्ज केलेल्यांत की धावलेल्यांत?"

मग मी तिला गुणपद्धत समजावायला बसलो. या स्पर्धेत प्रत्येक क्लबाच्या पहिल्या सहा पुरुषांचे क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज कमी तो क्लब वर. तुझा मुलगा क्लबात नववा आला, म्हणजे त्याचा क्रमांक बेरजेत धरत नाहीत. पण तो दुसऱ्या क्लबाच्या सहाव्याच्या पुढे गेला की त्या माणसाचा क्रमांक एकाने खाली जातो आणि त्या क्लबाची बेरीज वाढते. म्हणून अकराशेवा आणि अकराशे एकावा एकमेकांशी इतक्या त्वेषाने भांडतात.

"म्हणजे स्वतःचा काही फायदा नाही, पण दुसऱ्याचं नुकसान करता येतं?"

"हो."

"आमच्या सोसायटीसारखंच की मग," ताई म्हणाली. तिला खेळ कळला होता.

वेळ किती लागला, हे मात्र तिने विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. क्रॉस कंट्रीत वेळेला काडीची किंमत नसते. विश्वविक्रम ठेवतच नाहीत, ठेवणार कसा? एका टेकडीवरचे दहा किलोमीटर दुसऱ्या टेकडीवरच्या दहाशी बोलायलाही तयार नसतात. पुण्यात हल्ली चार माणसं भेटली की त्यांतले तीन मनगट पुढे करून एका किलोमीटरला किती मिनिटं आणि किती सेकंद ते सांगतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा, जिलबी येईपर्यंत. अशांना उचलून एखाद्या चांगल्या क्रॉस कंट्रीच्या मार्गावर सोडावं. पहिल्या चिखलात घड्याळाची काच माखते आणि माणूस बोलण्यालायक होतो.

म्हणूनच फार गुळगुळीत मार्ग माझ्या मनात भरत नाहीत. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावात जुन्या कोळसा खाणीची जमीन सुधारून 1997 मध्ये खास क्रॉस कंट्रीसाठी लॅव्हर्न गिब्सन नावाचा मार्ग बांधला गेला. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धा तिथे कितीतरी वेळा झाल्या. रुंद, हिरवा, मोजूनमापून आखलेला, वळणं कंपासने काढल्यासारखी. सगळं निर्दोष आहे, हाच त्याचा दोष. मुलं तिथे परीक्षेला बसल्यासारखी पळतात. त्याउलट उत्तर इटलीतल्या सान व्हित्तोरे ओलोना या गावची 'चिंक्वे मुलीनी', म्हणजे पाच गिरण्यांची शर्यत. 1933 पासून चालू आहे. ओलोना नदीकाठच्या जुन्या पाणचक्क्यांभोवती फिरणारा तो मार्ग चक्क चक्कीच्या घरात एका दारातून शिरतो आणि दुसऱ्या दारातून निघतो. जगज्जेते येतात आणि मान वाकवून पिठाच्या गिरणीतून जातात. दळण न घेता गिरणीतून बाहेर पडणारी एवढी माणसं जगात दुसरीकडे नसतील.

पण आखणाऱ्याच्या खोडीचा कळस पाहायचा तर डेन्मार्क. 30 मार्च 2019 ला ऑर्हुस शहरात जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा झाली. तिथे मोसगॉर नावाचं संग्रहालय आहे. त्याचं छप्पर म्हणजे जमिनीतूनच तिरपं वर आलेलं गवताचं कुरण. आखणाऱ्यांनी ते बघितलं आणि मार्ग सरळ छपरावरून नेला. प्रत्येक फेरीला छपरावर चढायचं, उतरायचं, आणि खाली उतरल्यावर वाळू, पाणी आणि चिखल हजर. आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायचे तर सेक्रेटरीकडे किल्लीसाठी तीन खेपा होतात. तिकडे त्यांनी जगभरचे धावपटू हक्काने छपरावर चढवले. युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई आणि केनियाची हेलन ओबिरी जिंकले. मला त्याहून मजा वाटते ती खालच्या मजल्याची. त्याच संग्रहालयात ग्राउबालेचा माणूस ठेवलेला आहे. 1952 मध्ये दलदलीत पीट खणताना सापडलेला, दोन हजार वर्षांहून जुना, चिखलाने कातडीसकट जपून ठेवलेला. वर जगातले सगळ्यात चपळ लोक चिखलातून निसटायची धडपड करतायत, आणि खाली चिखलातच मुक्काम करून नाव काढलेला हा गृहस्थ निवांत पडलेला.

खोडीला मर्यादा हवी, हेही सांगायला पाहिजे. 1912, 1920 आणि 1924 या तीन ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री होती. 1924 ला पॅरिसमध्ये जुलैच्या मध्यावर, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, कारखान्याच्या धुरातून ती शर्यत काढली. 38 जण निघाले, 15 पोचले. बाकीचे वाटेत कोसळले, भ्रमिष्टासारखे भलतीकडे गेले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी मात्र भाजी आणायला गेल्यासारखा जिंकून आला आणि दुसऱ्या दिवशी, इतर मंडळी अंथरुणात असताना, सांघिक 3000 मीटर पळून आणखी एक सुवर्ण घेऊन गेला. त्यानंतर ऑलिंपिकने या खेळाला दार बंद केलं ते आजतागायत. 2007 च्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत मोंबासाच्या दमट उन्हाने तर खुद्द जगज्जेत्या केनेनिसा बेकेलेला मधेच बसवलं. चिखल, चढ, ओढा यांच्याशी माणूस भांडू शकतो. उन्हाशी भांडता येत नाही. आखणाऱ्याने ते घेऊन खेळू नये.

या जाणिवेनेच मी परतताना विमानतळावर भाच्याला म्हणालो, "पुण्यात वेताळ टेकडीवर जुलैच्या पावसात असा मार्ग काय झकास होईल! चढ आहे, खाण आहे, चिखल आहे, गवत आहे, वर मोर आहेत."

"मामा, परवानगी?"

"मिळवू."

"आणि सकाळची फिरायला येणारी मंडळी?"

इथे मी थांबलो. मोर बाजूला होतील, वन खात्याला अर्ज करता येईल, कुत्र्यांना बिस्किटं घालता येतील. पण वेताळ टेकडीवर गेली तीस वर्षं रोज येणाऱ्या माणसाला, समोरचे दोनशे लोक मुद्दाम लांबच्या वाटेने पळतायत, हे कोण पटवून देणार? खाणीच्या वळणावर कानटोपी घातलेले आजोबा काठी आडवी धरून उभे राहतील. पहिल्या धावपटूला थांबवतील. झेंडे लावणाऱ्यांना काही कळत नाही म्हणून सांगतील. आणि मग एकेकाला, आपुलकीने, कोथरूडकडे उतरणारी जवळची वाट दाखवून देतील.